पांढऱ्या पेशींची संख्या आणि त्यांची पकड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रतिकारशक्ती वाढवण्याचे उपाय सांगणारे लेख आपल्या दैनिकासह बहुतेक मराठी वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत नियमितपणे येतात आणि त्यांपैकी बऱ्याच लेखांत पांढऱ्या पेशींची संख्या हाच प्रतिकारशक्तीचा मापदंड मानलेला असतो. या पेशींना रक्तातून बाहेर पडून संसर्गाच्या जागी पोहोचावे लागते आणि त्यासाठी पकड घेता व सोडता यावी लागते, याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो.

शरीरातील बऱ्याच पेशी कोलॅजन, फायब्रोनेक्टिन अशा प्रथिनांच्या तंतुमय जाळ्याला धरून असतात. हे धरण्याचे काम पेशीच्या आवरणातील इंटिग्रिन ही प्रथिने करतात. माणसात त्यांचे २४ प्रकार आहेत. इंटिग्रिनचे एक टोक बाहेरच्या तंतूला धरते, तर दुसरे टॅलिनसारख्या प्रथिनांमार्फत पेशीच्या आतल्या सांगाड्यातील अ‍ॅक्टिनच्या धाग्यांशी जोडले जाते. जखम भरताना फायब्रोब्लास्ट ही तंतू बनवणारी पेशी पुढे पसरून नवी पकड घेते, मायोसिन या प्रथिनाच्या ओढीने अंग पुढे खेचते आणि मागची पकड सोडते. पकड फार सैल असेल तर ओढ लागू पडत नाही आणि घोरपडीसारखी घट्ट असेल तर पेशी जागची हलत नाही. इंटिग्रिनच्या शोधासाठी रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाह्टी आणि टिमथी स्प्रिंगर यांना वैद्यकीय संशोधनाचा २०२२ चा लास्कर पुरस्कार मिळाला, त्याची आपल्याकडे फारशी दखल घेतली गेली नाही.

पांढऱ्या पेशींचा प्रवास थोडा वेगळा आहे. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी आधी रक्तवाहिनीच्या भिंतीवरून घरंगळते, मग बीटा-२ इंटिग्रिनने भिंतीला धरून थांबते आणि तिथून ऊतींमध्ये शिरते. (आत शिरल्यावर पांढऱ्या पेशी इंटिग्रिनवाचूनही फटींतून अंग चोरत पुढे सरकू शकतात, असे २००८ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले, खरी अडचण भिंतीपाशी येते.) ज्या बाळांमध्ये या इंटिग्रिनमधील बीटा-२ या प्रथिन-साखळीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात, त्यांना ल्युकोसाइट अ‍ॅडहिजन डेफिशियन्सी हा दुर्मीळ आजार होतो. अशा बाळाच्या रक्तात पांढऱ्या पेशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त सापडतात, पण त्या जखमेपर्यंत पोहोचत नसल्याने तिथे पू धरत नाही, संसर्ग पुन्हा पुन्हा होतात आणि नाळ लवकर पडत नाही. केवळ आकडा पाहणाऱ्याला या बाळाची प्रतिकारशक्ती उत्तमच वाटेल!

नाळ साधारणपणे १ ते २ आठवड्यांत पडते. उशिरा नाळ पडलेली बहुतेक बाळे निरोगीच असतात, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही; मात्र ३ आठवडे उलटूनही ती टिकून असेल, बेंबीला संसर्ग असेल आणि पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असतील, तर बालरोगतज्ज्ञांनी या आजाराची शंका घेणे आवश्यक ठरते. फ्लो सायटोमेट्री या, पेशींवरील प्रथिने तपासणाऱ्या चाचणीने निदान होते आणि तशी सोय मुंबईत परळच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीमध्ये आहे. तीव्र स्वरूपाच्या आजारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मुख्य उपाय आहे आणि तो लवकर झालेला बरा. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जिथे अजून टिकून आहे, अशा कुटुंबांत हा दोष दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते.

काढ्यांच्या कृतींना आपण दर आठवड्याला जागा देता. त्यातील एका आठवड्याची जागा एखाद्या बालरोगतज्ज्ञांना देऊन या विषयावर सचित्र लेख लिहवून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा