जूनचं सांगायचं राहिलं

सोलापूर, रविवार

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न.

फोनवर सांगायला दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा आईने "जेवलीस का?" विचारलं आणि मी नुसतं "हो" म्हणून ठेवला. म्हणून हा कागद. बाबा, आधी तुम्ही वाचा, मग आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळायचं नाही.

जूनमध्ये मी पुण्याला कायमची येत नाहीये. आमच्या कॉलेजात नवी पदवी सुरू करायची आहे, प्रादेशिक भाषा आणि संस्कृती, आणि तिची आखणी मी अंगावर घेतली. पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत, म्हणजे तीन वर्षं. तुम्हाला विचारून मग होकार द्यायला हवा होता. पण विचारलं असतं तर तुम्ही "खुशाल कर" म्हणाला असतात आणि आई रात्रभर जागी राहिली असती. तसं काही बदलत नाही खरं तर. पगार तोच, खोली तीच, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरली की जेवायला मी तुमच्यासमोर. दर दुसऱ्या शनिवारी येते ती येणारच. दादाच्या वेळेसारखं होणार नाही.

बाबा, तुमचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय: असली पदवी घेऊन पोरं करणार काय? नेमकं सांगता येत नाही, आणि पालकांनाही मी खोटं सांगणार नाही. भाषांतर, शाळा, वर्तमानपत्र, संग्रहालय, सीमेवरच्या बँका, कचेऱ्या. पोट भरेल, बंगला होईलच असं नाही. रेल्वेत पार्सल बुक करून तुम्ही आम्हाला वाढवलंत, तेव्हा पोटाचं मला शिकवू नका!

कागदोपत्री हिशोब तुम्हाला आवडेल, अगदी वेळापत्रकासारखा आहे. एका सत्राला २२ श्रेयांक, तीन वर्षांचे १३२, चौथं वर्ष केलं तर १७६. वर्गातल्या एका श्रेयांकाला १५ तास, प्रात्यक्षिकाच्या एकाला ३०. मी त्या तिसांवर डोळा ठेवून आहे. संक्रांतीच्या गड्डा यात्रेला पोरांनी बाराबंदी घातलेल्यांच्या मागे सातही नंदीध्वजांबरोबर चालायचं, आणि ज्या सिद्धरामाची ही यात्रा त्याची वचनं कानडीत का आहेत ते घरी येऊन शोधायचं. नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेयाच्या रथापाशी उभं राहून तेलुगू ऐकायचं. बैठकीत एक ज्येष्ठ म्हणाले, तीन-तीन भाषा पोरांना झेपायच्या नाहीत. मी म्हटलं, सर, पूर्व भागातली पानपट्टीवाली सकाळी दहाच्या आत तिन्ही भाषांत उधारी मागते. हसले सगळे. पण तेलुगूच्या तासांवर अजून घासाघीस चालूच आहे.

गेल्या महिन्यात चार पोरांना घेऊन हत्तरसंग-कुडलला गेले होते. आठवतं? भीमा-सीनेच्या संगमावर शिदोरी सोडून बसलो होतो, दादा ओला होऊन आला आणि आईने त्याला पदराने पुसलं. तिथल्याच देवळात शके ९४०चा, म्हणजे १०१८चा मराठी शिलालेख आहे: "वाछि तो विजेया होईवा". वाचील तो विजयी होईल. आपण तिथे दशम्या खाल्ल्या आणि न वाचताच घरी आलो. नदी ओलांडली की आईचं माहेर! देवाला नमस्कार करताना ती कायम त्या काठाकडे तोंड करायची, ते मला आत्ता कळतंय.

आई, आता तुझ्यासाठी. बाबा, हे सावकाश वाचा.

तू नवी नवी या घरात आलीस तेव्हा पानं मांडून म्हणालीस, "चला, आम्ही जेवू या." आत्या इतकी हसली की ते वाक्य घरात म्हणीसारखं झालं. मीसुद्धा हसत मोठी झाले. पाठ्यक्रम लिहिताना परवा एका जागी पेन थांबलं. मराठीत समोरच्याला धरलं तर "आपण", वगळलं तर "आम्ही". तेलुगूतही तसंच, "मनं" आणि "मेमु". आणि तुझ्या कानडीत दोन्हींना एकच शब्द, "नावु". म्हणजे तू चुकत नव्हतीस गं. तुला "आम्ही"तून कुणाला बाहेर ठेवायची सवयच नव्हती. त्या रात्री फोन करणार होते, पण साडेअकरा वाजले होते. आत्याच्या त्या हसण्यानंतर तू कानडी मावशीशीच बोलायचीस, तेही दार लोटून. मला झोपवताना मात्र "चिन्नी" म्हणायचीस, ते कुणी थांबवलं नाही.

पहिल्या सत्रात भाषेच्या आवाजांचा एक तास ठेवलाय. त्यासाठी तुझा आवाज हवाय. अंगाईचा, शेंगाचटणी कुटतानाचा, मावशीशी भांडतानाचा, कसलाही.

बाकी सूचना. ग्लुकोमीटरची वही बाबांनी रोज लिहायची, चार दिवसांचे आकडे एका दमात नाही. शाई एकच असते, मला कळतं. माळ्यावरचा डबा काढायला कुणीही स्टुलावर चढायचं नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला माणूस बुधवारी येईल, त्याला "नंतर ये" म्हणू नका. आईने गुडघ्याचं तेल स्वतः लावायचं नाही, बाईंना सांगितलंय. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवतेय. पेढे नाहीत, बाबा.

शनिवारी आले की रागावून घ्या. पण आई, त्याआधी मावशीला फोन करून आजोबांच्या मळ्यातलं ते ज्वारी पाखडतानाचं गाणं आठवून ठेव. दार उघडं ठेवून बोल.

तुमची,
चिन्नी