कोच आपल्याच मंडळीतला पाहिजे असं कुठाय?

मा. संपादक साहेब,
नमस्कार. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीचं कास्टिंग येतं, ते टर्निंग-ड्रिलिंग करून आम्ही परत पाठवतो, 22 माणसं आहेत. हल्ली जो तो कारखानदार "बिझनेस कोच लावलाय" (म्हणजे धंद्यात मार्गदर्शन करणारा माणूस) म्हणतोय आणि आमच्या ख्रिस्ती लोकांत मग एकच प्रश्न निघतो, कोच ख्रिस्ती विश्वासातला आहे काय? मीपण तेवढंच बघितलं आणि फसलो, म्हणून लिहितोय.

पहिला कोच चर्चमधल्या ओळखीचा. माणूस गोड, सुरुवात प्रार्थनेनं, मग काय, सहा महिन्यांची फी ॲडव्हान्स देऊन टाकली. ट्रेनिंग कुठं घेतलं, आधी कुणाचं काम केलंय, हे विचारायलाच संकोच वाटला. भावाशी वाटणीवरून माझं वाजलंय हे त्याला सांगितलं आणि पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर एक मावशी म्हणतात, "भावासाठी प्रार्थना करतोय हं आम्ही." झालं! प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलं म्हणे त्यानं.

आपल्याकडं कोच व्हायला कसलंही लायसन लागत नाही, उद्या मीपण कार्ड छापीन. पण इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोच लोकांच्या जागतिक संस्थेचं साधं एसीसी सर्टिफिकेट घ्यायचं तरी किमान 60 तास ट्रेनिंग आणि 100 तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं, वरच्या पीसीसीला 125 आणि 500, शिवाय क्लायंटची गोष्ट बाहेर न सांगणं त्यांच्या नियमातच आहे. सर्टिफिकेटवाला चांगलाच असतो असं नाही, पण विचारा तरी की राव.

आणि शास्त्राचंच म्हणाल तर बायबलमधल्या निर्गमाचा 18 वा अध्याय काढा. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करत बसलेला, सासरा इथ्रो येतो, आधी नुसता बघतो, मग विचारतो एकटाच का बसलायस, आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमायला सांगतो. हा इथ्रो मिद्यानी याजक, इस्राएली नव्हेच! आणि काम झाल्यावर आपल्या देशाला निघूनपण गेला (आमच्या कोचनं दुसऱ्याच महिन्यात रिन्यूअल काढलं होतं).

आता पुण्याच्या एक मॅडम आहेत, ख्रिस्ती नाहीत. पहिल्याच मीटिंगला मी त्यांना स्पष्ट सांगितलं, बिनबिलाचा माल मी सोडणार नाही आणि रविवारी उपासनेच्या वेळी फोन बंद असतो. आमची सुट्टी सोमवारी, रविवारी शॉप चालू. मला वाटलं आता वाद घालतील. त्यांनी फक्त विचारलं, "मग त्या वेळात गेटपासवर सही कोण करतं?"

म्हटलं, कोण नाही, मी येईपर्यंत टेम्पो थांबतो.

"किती वर्षं थांबतोय?"

अकरा वर्षं! उत्तर देताना माझं मलाच हसू आलं. आता सही सुपरवायझर करतो. गेल्या रविवारी चर्चमधून थेट शॉपवर गेलो तर माल कधीच गेलेला, आणि खरं सांगतो, थोडं वाईटच वाटलं.

आपला,
एक ख्रिस्ती लघुउद्योजक, कोल्हापूर