आप्पा, तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे

ती. आप्पा,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘चल, उगा काही’ म्हणत घरात निघून जाता. म्हणून चारचौघांत लिहितोय. आता उठून जाता येणार नाही.

गेल्या साली आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दोन दिवस आधी मी सुरतेजवळच्या उधन्याहून गाडीने अमळनेरला उतरलो आणि रिक्षा करून गावी आलो. घरात मांड्यांची तयारी चाललेली, पोरी झोक्यावर, आणि आई ओट्यावर गप्प. सकाळी पोलीस येऊन गेला होता. “तुमच्या पोराच्या नावाचं वॉरंट आहे, आला की पाठवा,” एवढंच सांगून. कसलं, कुठल्या कोर्टाचं, आईला काय माहीत? तिने दिवसभर कोणाला सांगितलंही नव्हतं.

आप्पा, खरं सांगतो. त्याच रात्रीच्या गाडीने सुरतला परत पळायचं माझ्या मनात होतं. त्यात एक ओळखीचा भेटला, म्हणाला, दहा हजार दे, वरच्या वर मिटवतो. मी पैसे मोजूनही ठेवले होते. ते तुम्हाला आजवर सांगितलं नाही, शिव्या खाव्या लागतील म्हणून.

भाऊ मला ओढतच तुमच्याकडे घेऊन आला. जन्म कोर्टात काढून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, तुम्ही बाजेवर बसून शेंगा फोडत होतात. “कसाले घाबरस रे भो? आधी वॉरंट कशाचं ते तर बघू.” चष्मा लावला आणि माझ्याच मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप उतरवून घेतलं. जिल्हा, तालुक्याचं कोर्ट, पक्षकाराचं नाव, वर्ष. तीनदा काही निघालं नाही. चौथ्यांदा तुम्ही आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग बदललंत, आणि निघालं! एससीसी, म्हणजे समरी क्रिमिनल केस, २०२२ सालचं, चेकच्या कायद्याचं कलम १३८. म्हणजे चेक न वटल्याची केस.

मग सगळं आठवलं. बी-बियाणं आणि खतापोटी दुकानदाराला ६८ हजारांचा चेक दिला होता. गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, आम्ही घराला कुलूप लावून सुरतेला गेलो, आणि चेक डोक्यातून गेला. दुकानदाराचं चुकलं असं मी म्हणणार नाही, माल मी नेलाच होता. तुम्ही तारखांची यादी वाचून दाखवलीत. समन्स, ‘घर बंद’ शेऱ्यासह परत. मग जामीनपात्र वॉरंट. मग अजामीनपात्र. मी तिकडे लूमवर बारा-बारा तास उभा, आणि इकडे माझ्या नावाचा पुकारा होत होता.

मला वाटलं होतं, एवढी वर्षं झाली, वॉरंट आपोआप बाद होत असेल. तुम्ही म्हणालात, वॉरंट शिळं होत नाही. ज्या कोर्टाने काढलं ते रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत चालूच राहतं. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम ७०, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात ७२. आणि ते कोडंही तुम्हीच सोडवलंत, जे दुसऱ्याला समजावताना मी आजही अडखळतो: १३८ चा गुन्हा जामीनपात्र, पण वॉरंट अजामीनपात्र. म्हणजे धरलं तर ठाण्यातून सुटका नाही, कोर्टापुढेच उभं राहावं लागणार. “चोवीस तासांत उभं करतीलच, पण ती एक रात्र कसाले? आपल्या पायाने जाऊ.”

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आपण कोर्टाच्या आवारात. वकील तुम्हीच गाठून दिलेत. वकीलपत्र, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज, सोबत खोलीची भाडेपावती आणि कारखान्याचं कार्ड, मी खरंच सुरतेत होतो हे दाखवायला. जामीनदार म्हणून मामा आले, सातबारा घेऊन. दुपारच्या सुट्टीत तुम्ही डब्यातली कळण्याची भाकरी अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवलीत. मला घास उतरत नव्हता, तुम्ही मात्र निवांत ठेचा मागत होतात.

साहेबांनी विचारलं, तारखांना का आला नाही? मी तुम्ही सांगितलं तसं, जे घडलं ते सांगितलं. थोडा दंड झाला, पुढच्या तारखांना हजर राहण्याची ताकीद मिळाली, वॉरंट रद्द झालं. दहा मिनिटं लागली असतील. त्या दहा मिनिटांसाठी मी गाव सोडून पळणार होतो!

मी घरी निघालो, तर तुम्ही बाही धरलीत. “कोर्टाने रद्द केलं, ठाण्याला कोण सांगणार?” वॉरंट रद्द झाल्याचं पत्र निघेपर्यंत संध्याकाळी पाचपर्यंत थांबवलंत, ठाण्यात नेऊन पोच घ्यायला लावली, एक झेरॉक्स माझ्या पाकिटात कोंबली. दिवाळीत वॉरंटांची मोहीम निघाली, तेव्हा तोच पोलीस पुन्हा दारात आला. त्याच्याकडच्या यादीत माझं नाव तसंच होतं. मी कागद दाखवला, त्याने वाचला, पाणी प्यायला आणि गेला.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. लोकअदालतीत दुकानदाराशी तडजोड झाली, तीन हप्त्यांत पैसे फिटले, केस निकाली निघाली.

आता एक गुन्हा कबूल करतो. शेजारच्या खोलीत शिरपूरकडचा एक पोरगा आहे, त्याच्या घरीही असाच निरोप आलाय. तुम्हाला न विचारता तुमचा पत्ता त्याला दिला. शुक्रवारच्या गाडीने येतोय. भाडेपावती आणि आधार घेऊन ये, असं सांगितलंय, आडनावाची सगळी स्पेलिंगंही लिहून दिलीत. चिडू नका. आणि चहा त्याच्याकडून नक्की घ्या, माझ्याकडून तुम्ही घेतलाच नव्हता.

तुमचा,
उधन्याचा भो