शब्दसूचीतील गरिबी

महोदय,

इंग्रजी शिकवणाऱ्या अनेक पुस्तकांत ‘पुअर’, ‘ब्रोक’, ‘डेस्टिट्यूट’ आणि ‘पॉपर’ हे शब्द समानार्थी म्हणून एकाच ओळीत छापलेले असतात, आणि हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे. महिनाअखेरीस खिसा रिकामा झालेला पगारदारही बोलताना स्वतःला सहज ‘ब्रोक’ म्हणवतो. ‘डेस्टिट्यूट’ मात्र अन्न-निवाऱ्यालाही मुकलेल्यालाच लागू पडतो. ‘पॉपर’ हा तर इंग्लंडमधील गरीबविषयक कायद्याखाली सार्वजनिक मदतीवर जगणाऱ्याच्या माथी मारलेला शिक्काच होता, आणि १८३४ च्या कायद्याने धडधाकट गरजूंना मदतीसाठी वर्कहाउसची, म्हणजे गरिबांना कडक शिस्तीत कामाला जुंपून ठेवणाऱ्या आश्रयगृहाची, पायरी चढायला लावण्याचे धोरण स्वीकारल्यावर तो अधिकच झोंबू लागला. ‘मेक एंड्स मीट’ म्हणजे हातातोंडाची गाठ घालणे, एवढे सांगून भागते. वरील शब्दांना मात्र प्रत्येकी निदान एक उदाहरणवाक्य द्यावे, अशी पुस्तककर्त्यांना कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक