जपानमधल्या तोकामाचीच्या टॅक्सीवाल्या दादांना

दादा, स.न.वि.वि.

जूनमध्ये तोकामाची स्टेशनबाहेर एक बाप-लेक तुमच्या टॅक्सीत बसले आणि ‘मिथिला म्युझियम’ म्हणाले, ते आम्ही. गाडी सुरू करण्याआधी तुम्ही फोन करून म्युझियम उघडं असल्याची खात्री करून घेतलीत. परतीची सोय नाही हे ओळखून आमच्यासाठी थांबलात, थांबण्याचे पैसे घेतले नाहीत, आणि बूट काढून, सपाता घालून आमच्यासोबत आतही आलात. त्याबद्दल तेव्हाच वाकून आभार मानले होते. हे पत्र मात्र तुमच्या एका प्रश्नासाठी.

मातकट रंगावर पांढऱ्या रेघांचं ते मोठं चित्र बघून तुम्ही विचारलंत, ‘हे कशाने काढलंय?’ माझी मुलगी म्हणाली, ‘तांदळाने.’ वाटेतली खाचरं दाखवत, आपला कोशिहिकारी तांदूळ किती गोड ते सांगत आलेले तुम्ही. तुमचा विश्वास बसला नाही. उत्तर तोकडं होतं, दादा. पुरं देतो.

मी पालघर जिल्ह्यात चित्रकला शिकवायचो. तिथल्या वारली पाड्यांवर लग्न निघालं की कुडाच्या भिंतीवर शेण-माती किंवा गेरू सारवतात आणि तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या ठेचलेल्या काडीने सवाष्णी चौक लिहितात. चौकात पालघट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. त्याशिवाय लग्न लागत नाही. कागदावर, कापडावर हल्ली बाजारचा पांढरा रंगही चालतो, पण मूळ रंग भाताचाच.

हे काम बायकांचं. त्यात शिरलेला पुरुष म्हणजे जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेली आणि पोराचं बोलणं थांबलं. सांगायचं ते तो धुळीत बोटाने काढून दाखवायचा. डहाणूजवळ गंजाडच्या कळंबीपाड्यावरचा हा माणूस तुमच्या डोंगरात येऊन राहिला, चित्रं काढून गेला. 2011 साली त्याला पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये तो गेला.

शेजारच्या दालनात गंगादेवींची मधुबनी चित्रं होती, ती बिहारची. या दोन कलांमधला दुवा एक मराठी चित्रकार आहे: भास्कर कुलकर्णी. 1966-67च्या दुष्काळात तो मिथिलेत कागद घेऊन गेला आणि भिंतीवर लिहिणाऱ्या बायकांना म्हणाला, यावर काढा, विकू. पुढे तोच डहाणूच्या पाड्यांवर पोचला. आमच्याकडेही त्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

आणि हे म्युझियम उभं करणारे तुमचे हासेगावा तोकिओ! ताजमहाल ट्रॅव्हलर्स नावाच्या वाद्यवृंदात वाजवणारा माणूस 1982 मध्ये बंद पडलेल्या शाळेत भारतातल्या खेड्यांची चित्रं मांडून बसतो, म्हणजे कमालच. आमच्याकडे वारली चित्र चहाच्या कपावर, उशीच्या अभ्र्यावर, उड्डाणपुलाच्या खांबावर सापडतं. पण जिव्याचं मोठं काम, मागून कोणी ढकलत नसताना, प्रत्येक मुंगीपर्यंत डोळा नेत बघायला मला नीगाताच्या डोंगरात यावं लागलं. याचा आनंद होतो आणि रागही येतो.

जनगढसिंह श्यामच्या चित्रापुढे मी जरा जास्तच रेंगाळलो. मध्य प्रदेशातला हा गोंड चित्रकार 2001 मध्ये याच ठिकाणी, घरापासून इतक्या दूर वारला. ते ठाऊक असताना ती जागा नुसती रम्य वाटत नाही. तुम्ही काही न विचारता व्हरांड्यात जाऊन उभे राहिलात, त्याचे आभार वेगळे.

आता तुमची पाळी. तुमच्याकडच्यासारखं डोक्याइतकं उंच साचणारं बर्फ आमच्याकडे नाही, पण भाताची खाचरं बघून तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. भातकापणी झाली की या: मुंबईहून पश्चिम रेल्वेने डहाणू रोडला उतरायचं, मी स्टेशनवर असेन. तारपा हे वारली वाद्य ऐकवतो आणि ज्या तांदळाने रंगवतात तोच शिजवून वाढतो. तुमच्या कोशिहिकारीइतका चिकट नसतो, आधीच सांगून ठेवतो.

मुलगी याचं जपानी करून तुमच्या टॅक्सी कचेरीत पाठवणार आहे. वहिनींना नमस्कार.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक