रिपोर्टवरचं प्रोटीन खरंच प्रोटीन असतं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुधाच्या भेसळीवर तुमच्या पेपरात आलेलं वाचलं, चांगलं लिहिलंय, पण त्यात एक वाक्य होतं की लॅबच्या रिपोर्टमध्ये प्रोटीन बरोबर आलं म्हणजे काळजीचं कारण नाही, आणि तिथेच मी अडकले. मी वीसेक वर्षं डेअरीच्या लॅबमध्ये काढलीत, हाताने हजारो सॅम्पल केलीत, म्हणून राहवेना आणि लिहायला बसले.

रिपोर्टवर ‘प्रोटीन’ म्हणून जो आकडा छापलेला असतो तो बऱ्याचदा प्रोटीन मोजून आलेलाच नसतो. मोजलेला असतो नायट्रोजन, कारण प्रोटीनमध्ये तो असतोच. ही केल्डाल पद्धत, १८८३ सालची, योहान केल्डाल हा डॅनिश केमिस्ट कार्ल्सबर्गच्या लॅबमध्ये होता, तिथे बिअरसाठी लागणाऱ्या धान्यातलं प्रोटीन मोजायला त्याने ती काढली. लांब मानेच्या फ्लास्कमध्ये दूध घ्यायचं, सल्फ्युरिक ॲसिड घालून तापवायचं, आधी सगळं काळंकुट्ट होतं, पांढरा धूर निघतो, मग हळूहळू निवळत जातं आणि कॉपर सल्फेटमुळे स्वच्छ निळसर-हिरवं दिसायला लागतं. त्या क्षणी दूध म्हणून काही उरलेलंच नसतं. केसीन म्हणजे दुधातलं मुख्य प्रोटीन असो, युरिया असो, अजून काही असो, सगळ्यातला नायट्रोजन एकाच अमोनियाच्या रूपात बाहेर येतो, तो आपण टायट्रेट करतो, म्हणजे थेंबाथेंबाने ॲसिड घालून मोजतो, नायट्रोजनच्या आकड्याला दुधासाठी ठरलेल्या ६.३८ ने गुणतो आणि उत्तराला प्रोटीन म्हणतो. नायट्रोजन आला कुठून हे ॲसिडला विचारायची सोयच नाही.

भेसळ करणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरायचं केमिकल, त्यात वजनाच्या जवळपास ६६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे एक ग्रॅम मेलामाइन कागदावर सव्वाचार ग्रॅम ‘प्रोटीन’ दाखवतं. लिटरभर पाणी घातलेल्या दुधात एक ग्रॅम टाकलं तरी प्रोटीन ०.४ टक्क्याने वर जातं, आणि गाईच्या दुधात मुळात प्रोटीन असतंच सव्वातीन टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे हा फरक किती मोठा आहे बघा. युरियाचंही तेच, ग्रॅमला जवळपास तीन ग्रॅम. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन निघालं, सहा बाळं गेली, जवळजवळ तीन लाख आजारी पडली, कित्येकांच्या मूत्रपिंडात खडे झाले. मेलामाइन घालण्यामागे हेतूच हा होता की पाणी घातलेलं दूध प्रोटीनच्या टेस्टमध्ये पास व्हावं, म्हणजे जी टेस्ट बाळांना वाचवायला होती तिच्याच भरवशावर ती भेसळ चालली होती. मला हे आठवलं की आजही पोटात तुटतं.

आता यावर उपाय नाही असं अजिबात नाही. दुधात ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड घाला, खरं प्रोटीन फाटून खाली बसतं, ते गाळा आणि गाळून आलेल्या पाण्यातला नायट्रोजन वेगळा मोजा. चांगल्या दुधात हा बिनप्रोटीनचा नायट्रोजन एकूण नायट्रोजनच्या साधारण पाच-सहा टक्के असतो, एवढाच. तिथे आकडा उड्या मारायला लागला की समजायचं कोणीतरी काहीतरी घातलंय. युरियासाठी तर त्याहून सोपी टेस्ट आहे, डीएमएबी नावाचं केमिकल घातलं की पिवळा रंग गडद होतो, डोळ्याला दिसतो. मेलामाइनची मर्यादा कोडेक्स या अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये बाळांच्या पावडरीसाठी किलोला १ मिलिग्रॅम आणि बाकी अन्नासाठी २.५ मिलिग्रॅम ठरवली, एवढं बारीक खात्रीने पकडायला सहसा मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, ते मशीन महाग, मान्य आहे. आणि सोयासारखं झाडाचं प्रोटीन मिसळलं तर ही गाळायची युक्तीही फसते, कारण ते प्रोटीनच असतं, त्याला वेगळ्या टेस्ट लागतात. पण निदान गाळून बघायला काय जातं?

काय जातं ते मला विचारा. नोकरीत नवीन असताना एक पावडरीचं सॅम्पल आलं, प्रोटीन अगदी झकास, पण पाण्यात कालवलं की दूध पातळ, निळसर वाटत होतं. मी म्हटलं, सर, गाळून बघते, अर्धा दिवस लागेल. साहेब म्हणाले, पार्टीने ती टेस्ट मागितलेली नाही, आकडा स्पेकमध्ये बसतोय ना, मग सही कर. मी सही केली. त्या पावडरीत काय होतं ते मला आजही माहीत नाही, कदाचित काहीच नसेल, पण ती सही मला अजून दिसते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की प्रोटीनच्या ओळीखाली ‘बिनप्रोटीनचा नायट्रोजन’ अशी अजून एक ओळ प्रत्येक रिपोर्टवर सक्तीची करा, पार्टीने मागो वा न मागो, आणि बाळांच्या पावडरीत तर मेलामाइनची टेस्ट झाल्याशिवाय माल सोडूच नका. तुमच्या बातमीदारांनाही विनंती, पुढच्या वेळी कोणी प्रोटीनचा आकडा पुढे केला तर विचारा, हा नुसता नायट्रोजन मोजलाय की गाळून बघितलंय.

आपली नियमित वाचक,
डेअरी लॅबमधून रिटायर झालेली केमिस्ट