घरी ये, पण कौन्सिलला कळवून

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, मी तुमच्याकडे राहायला आले तर तुमच्या भाड्याचं काय होईल?" आणि मी विषय बदलला. नातू शेजारीच बसला होता, म्हटलं पैशाचं बोलणं पोराच्या कानावर कशाला. शिवाय हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून सगळं लिहूनच कळवतो.

तू ये. त्यात विचार करण्यासारखं काहीच नाही. तुझी आई गेल्यापासून आतली खोली रिकामीच आहे. इथे ब्रिटनमध्ये कामाच्या वयाचा माणूस हाऊसिंग असोसिएशनच्या, म्हणजे स्वस्त भाड्याची घरं देणाऱ्या संस्थेच्या, घरात एक खोली जास्त ठेवून राहिला, तर 2013 पासून त्याच्या हाऊसिंग बेनिफिटमध्ये, म्हणजे भाड्यासाठीच्या सरकारी मदतीत, भाड्याच्या 14 टक्के कपात होते, दोन जास्त असतील तर 25 टक्के. लोक त्याला बेडरूम टॅक्स म्हणतात. पेन्शनच्या वयाला तो लागत नाही, म्हणून ती खोली तशीच राहिली.

आता तू इथे राहायला लागलीस की माझ्या हाऊसिंग बेनिफिटच्या कागदावर तू 'नॉन-डिपेंडंट' होतेस. कौन्सिल, म्हणजे हे बेनिफिट देणारी इथली नगरपालिका, असं धरून चालतं की घरात राहणारी मोठी, कमावती व्यक्ती भाड्याला हातभार लावणारच. तू खरंच दिलेस की नाही हे कोणी विचारत नाही, तेवढी रक्कम माझ्या बेनिफिटमधून वजा होते. किती, ते तुझ्या कामाच्या तासांवर आणि पगारावर. आठवड्याला वीसेक पौंडांपासून ती सव्वाशेच्या आसपास जाते. पगार म्हणजे हातात पडतो तो नव्हे, टॅक्स कापण्याआधीचा. आणि तुझ्या पेस्लिपा दाखवल्या नाहीत, तर कौन्सिल सरळ सगळ्यात मोठी रक्कम कापून मोकळं होतं. तेव्हा येताना गेल्या काही महिन्यांच्या पेस्लिपा घेऊनच ये. नातवामुळे काही कापलं जाणार नाही, तो अठराच्या आतला आहे.

पण एक गोष्ट मला सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेतल्या बाईंनी सांगितली, ती आपल्या मंडळींत कुणालाच ठाऊक नव्हती. बेनिफिट घेणारा 65 च्या पुढचा असेल आणि त्याच्याकडे कोणी राहायला आलं, तर ही कपात लगेच सुरू होत नाही. 26 आठवड्यांनी सुरू होते. म्हणजे सहा महिने माझं बेनिफिट आहे तसंच राहील, आणि तेवढ्यात तुला हात-पाय हलवायला उसंत मिळेल. हा नियम कौन्सिलच्या पत्रात ठळक अक्षरात छापलेला नसतो. कापायला लवकर लागले, तर आपणच दाखवून द्यायचा.

गणपतीच्या मीटिंगला येतात ना ते जाडे गृहस्थ, त्यांचा सल्ला वेगळा. "कशाला कळवताय? तिची पत्रं दुसऱ्याच्या पत्त्यावर मागवा, पाहुणी म्हणून राहू दे." हे गृहस्थ सगळ्यांना सल्ला देतात आणि निस्तरायची वेळ आली की भारतात असतात. अगं, नातवाला इथल्या शाळेत घालायचंय, शाळा पत्त्याचा पुरावा मागणार. डॉक्टरकडे नाव घालायचं, मतदारयादीत घालायचं, तुझ्या बँकेला पत्ता द्यायचा. कौन्सिलं अशा याद्या एकमेकींशी ताडून बघतात. मग सापडलं की जास्तीचे घेतलेले सगळे पैसे परत, वर निष्काळजीपणाचा 50 पौंड दंड, आणि मुद्दाम लपवलं असं वाटलं तर थेट कोर्ट. आणि हे सगळं कशासाठी, तर सहा महिने जी कपात होणारच नाही ती चुकवण्यासाठी! मी आयुष्यभर बस चालवली, तिकीट चुकवणाऱ्यांना खाली उतरवलं. या वयात पोरीला पाहुणी म्हणून लपवणं मला जमायचं नाही.

काही मात्र लगेच जाईल. एकटा राहतो म्हणून मला कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे इथल्या घरपट्टीत, 25 टक्के सूट आहे, ती तू आलीस त्या दिवसापासून बंद. ते 21 दिवसांत कळवावं लागतं. असोसिएशनलाही एक ईमेल टाकू, टेनन्सीत, म्हणजे भाडेकरारात, घरात कोण राहतं ते सांगायचं असतं.

आता तुझ्या बाजूचं. तू म्हणालीस, "मी तुम्हाला महिन्याला भाडं देते आणि ते युनिव्हर्सल क्रेडिटकडून मागते." युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी कमाईच्या लोकांना मिळणारी सरकारी मदत, त्यात तसं होत नाही. ज्या घरात आपण राहतो त्याच घरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला दिलेलं भाडं ते मोजतच नाहीत, मग पक्का करार लिहून घेतला तरी. तू मला जे देशील ते तुझ्या पगारातून, आणि त्याचं आपण दोघं ठरवू. मला आत्ता त्याची घाई नाही. सहा महिन्यांनी कपात सुरू झाली की जेवढं कापलं जाईल तेवढं तू भर, त्याहून जास्त मी घेणार नाही.

तिथलं घर सोडण्याची तारीख मात्र नीट बघून ठरव. युनिव्हर्सल क्रेडिट महिन्याच्या हिशोबाने चालतं, आणि तो महिना एक तारखेपासूनच सुरू होतो असं नाही. तू पहिल्यांदा क्लेम केलास त्या तारखेवरून तो ठरतो. तुझ्या अकाउंटमध्ये दर हप्त्याच्या कागदावर 'असेसमेंट पीरियड' म्हणून दोन तारखा लिहिलेल्या असतात, त्या बघ. बदल महिन्यात कधीही झाला तरी तो पूर्ण महिन्यासाठी धरतात. म्हणजे पीरियड संपायच्या आदल्या दिवशी किल्ली दिलीस, तर त्या आख्ख्या महिन्याच्या भाड्याचे पैसे गेले. घरमालक मात्र नोटिशीची मुदत संपेपर्यंत भाडं घेणारच. तेव्हा व्हॅन बुक करायच्या आधी त्या तारखा बघ. तुम्हा नवरा-बायकोचा क्लेम एकत्र होता, तो वेगळा झाल्याचंही युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन जर्नलमध्ये लिहावं लागेल. ते लिहिताना जड जाईल, मला माहीत आहे. तुझी आई गेली तेव्हा मी 'टेल अस वन्स' या सरकारी सेवेला फोन केला होता. एकदा सांगितलं की पेन्शनपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे कळतं. फोनवरच्या मुलीने शांतपणे सगळं विचारून घेतलं, मला फार बरं वाटलं होतं. जर्नलमध्ये तर बोलावंही लागत नाही, दोन ओळी लिहायच्या आणि बंद करायचं.

जे कळवशील त्याचा पुरावा जपून ठेव. माझ्या जुन्या डेपोतल्या एकाचा मुलगा असाच परत आला. बापाने कौन्सिलला वेळेवर ईमेल केला, त्यांनी तो कुठेतरी घालवला आणि वर्षभर जुन्याच हिशोबाने पैसे दिले. मग एक दिवस हजारात पैसे परत मागणारं पत्र. याच्याकडे ईमेलची पोच होती, आणि हाऊसिंग बेनिफिटमध्ये चूक ऑफिसची असेल आणि आपल्याला ती कळणं शक्य नव्हतं, तर पैसे परत घेता येत नाहीत. त्याने पत्राच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत अपील केलं आणि सुटला. पण हे फक्त माझ्या बेनिफिटला लागू. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये चूक त्यांची असली तरी पैसे परत मागता येतात. म्हणून हप्ता नेहमीपेक्षा जास्त आला तर खूश होऊ नकोस, आधी हिशोब उघडून बघ.

चांगला बदल असला तरी कळवायचा, हे लोक विसरतात. तुझे कामाचे तास कमी झाले किंवा तू पुन्हा स्वतःच्या घरी गेलीस, तर माझं बेनिफिट वाढतं. पण ते महिन्याच्या आत सांगितलं तरच मागच्या तारखेपासून मिळतं, नाहीतर सांगितल्यापासून पुढे.

गुडघ्यांसाठी मी अटेंडन्स अलाउन्सचा, म्हणजे रोजच्या कामांत मदत लागणाऱ्या म्हाताऱ्यांना मिळणाऱ्या भत्त्याचा, फॉर्म मागवून ठेवलाय. तो मिळाला तर तुझ्यामुळे होणारी कपात मुळीच होत नाही, आणि त्याला पगार-पेन्शन-बचत काही बघत नाहीत. अडचण माझीच आहे. "कपडे घालायला मदत लागते का?" असं विचारलं की माझा हात आपोआप "जमतं" लिहितो. मोजे घालताना मी पलंगाच्या कडेला कसा अडकून बसतो ते तू पाहिलंयस. तेव्हा तो फॉर्म तू भर, मी सही करतो.

वाईला यंदा चारच आठवडे जाणार. पूर्वी तेरा आठवडे बाहेर राहिलं तरी चालायचं, 2016 च्या जुलैपासून परदेशाला चार आठवड्यांची मर्यादा आहे, आणि त्याहून जास्त राहायचं ठरवूनच निघालं तर निघाल्या दिवसापासूनच बेनिफिट बंद. तुझा काका म्हणतो, तिथल्या वाड्यातला माझा हिस्सा विकून पैसे पाठवतो. त्याला सांगितलंय, विकायच्या आधी मला कळव. पेन्शनवाल्याची बचत 10 हजार पौंडांच्या पुढे गेली की दर 500 ला आठवड्याला एक पौंड उत्पन्न धरतात, 16 हजारांच्या पुढे माझ्यासारख्याला बेनिफिटच नाही. तो हिस्सा भारतात आहे म्हणून तो माझा नाही असं कौन्सिल मानत नाही. मी तो फॉर्मवर पहिल्यापासून लिहिलेला आहे. आणि तुझ्या नावावर करून टाकायचा विचारही नको, बेनिफिटसाठी दिलेलं ते दिलेलं धरतच नाहीत.

तारीख ठरली की मला कळव, म्हणजे त्याच आठवड्यात मी कौन्सिलच्या ऑनलाइन फॉर्मवर टाकतो. पेस्लिपा, तुझं शेवटचं भाड्याचं स्टेटमेंट आणि नातवाचा जन्मदाखला हाताशी ठेव, व्हॅनमधल्या खोक्यांत नको. सोफा आणू नकोस, जिन्यातून वळणार नाही.

तुझा,
बाबा